परवान्याआधीचे शिक्षण

भारतात पिस्तूल किंवा रिव्हॉल्व्हर बाळगण्याची मुभा हा नागरिकाचा मूलभूत हक्क नाही. अर्जदाराचे कारण, पूर्वेतिहास आणि पात्रता तपासून शासनाने ठरावीक मुदतीसाठी दिलेली ती परवानगी आहे, आणि स्वसंरक्षणासाठी हाताशी शस्त्र असावे अशी इच्छा धरून बंगळुरूसारख्या शहरात प्रथमच नेमबाजीच्या रेंजवर येणाऱ्या माणसाचे शिक्षण हा फरक समजण्यापासून सुरू व्हावे लागते. सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी 2023 मध्ये उत्तर प्रदेशातील एका जामीनअर्जाच्या निमित्ताने विनापरवाना शस्त्रांच्या प्रश्नाची स्वतःहून दखल घेतली, तेव्हा अमेरिकेच्या राज्यघटनेत शस्त्र बाळगण्याचा हक्क आहे, भारतीय राज्यघटनेने मात्र तो कोणालाही दिलेला नाही, ही बाब न्यायालयाने आवर्जून नोंदवली. बंगळुरूत हे सांगण्याची गरज अधिक पडते, कारण येथील शिकाऊंपैकी पुष्कळांची भावंडे किंवा सहकारी अमेरिकेत राहतात आणि शस्त्राविषयीची त्यांची पहिली माहिती तिकडच्या चित्रफितींतून आलेली असते. टेक्सासमध्ये परवान्यासाठी काही तासांचा वर्ग आणि त्यानंतर तीन, सात व पंधरा यार्डांवरून मिळून 50 गोळ्यांची चाचणी असते, आणि 1 सप्टेंबर 2021 पासून तेथे पात्र प्रौढाला अशा परवान्याशिवायही पिस्तूल जवळ बाळगून फिरता येते. तेथील वर्ग ज्या प्रश्नांची उत्तरे देतो ते प्रश्न भारतीय अर्जदारापुढे फार उशिरा येतात, आणि भारतीय अर्जदारापुढे जे प्रश्न अगदी आधी येतात त्यांची दखल त्या चित्रफितींत नसते.

पुढील विवेचन बंगळुरूतील दहा मीटरच्या रेंजवर नवशिक्यांना शिकवताना आणि त्यांच्यापैकी काहींच्या परवान्यापर्यंतच्या वाटचालीला सोबत करताना प्रस्तुत लेखकाला आलेल्या अनुभवांवर आधारलेले आहे. त्यात येणाऱ्या व्यक्तींची ओळख दिलेली नाही, आणि प्रसंग घडले त्याच क्रमाने मांडलेले नाहीत.

शस्त्र लपवून बाळगण्याचा परवाना कसा मिळतो, हा प्रश्न रेंजवर वारंवार विचारला जातो. भारतात असा वेगळा परवाना नाही. शस्त्र अधिनियम, 1959 आणि त्याखालील शस्त्र नियम, 2016 यांनुसार परवाना शस्त्र मिळवण्याचा आणि बाळगण्याचा असतो. सार्वजनिक ठिकाणी पिस्तूल न्यायचे असेल तर ते होल्स्टरमध्ये, म्हणजे कमरेला किंवा अंगाला बांधायच्या म्यानात, अथवा तत्सम पिशवीत असावे, पूर्णपणे झाकलेले असावे आणि ते नेणाऱ्याचा त्यावर पुरता ताबा असावा, अशी नियमांची अपेक्षा आहे. झाकून नेणे ही येथे सवलत नसून परवानाधारकावरची अट आहे. शस्त्र दाखवणे, मिरवणे, लग्नात किंवा मिरवणुकीत हवेत बार काढणे यांना नियमांनी मनाई केली आहे, आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर इतरांच्या जिवाला धोका होईल अशा आनंदगोळीबारासाठी दोन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, अशी स्वतंत्र शिक्षाही आहे. ज्याला शस्त्र जवळ असल्याचे लोकांना कळावेसे वाटते त्याला हा कायदा पहिल्याच दिवशी निराश करतो. पुढच्या दिवसांत कोण टिकेल याचा अंदाज त्या निराशेवरून बऱ्यापैकी बांधता येतो.

परवान्याची वाट थोडक्यात अशी आहे. अर्जदाराचे वय किमान 21 वर्षे असावे लागते. बंगळुरू शहरात पोलीस आयुक्त हे परवाना प्राधिकारी, म्हणजे अर्जावर निर्णय देणारे अधिकारी आहेत. ते स्थानिक ठाण्याकडून अहवाल मागवतात. सामान्य नागरिकाला फक्त अप्रतिबंधित बोअरचे, म्हणजे नळीच्या ज्या व्यासाची शस्त्रे लष्कर आणि पोलिसांसाठी राखलेली नाहीत अशा व्यासाचे शस्त्र मिळू शकते, आणि हातातल्या शस्त्रांत त्याचा व्यवहारातला अर्थ बहुतेकदा .32 चे रिव्हॉल्व्हर किंवा पिस्तूल असा होतो. कानपूरच्या सरकारी शस्त्रनिर्मिती कारखान्याने 2014 मध्ये आणलेले ‘निर्भीक’ हे हलके रिव्हॉल्व्हर याच बोअरचे आहे. 2019 च्या दुरुस्तीने एका व्यक्तीकडील शस्त्रांची कमाल संख्या तीनवरून दोनवर आणली आणि परवान्याची मुदत तीनऐवजी पाच वर्षे केली. व्यवसायाच्या स्वरूपामुळे जिवाला किंवा मालमत्तेला खरोखर धोका असणे, सैन्यात किंवा पोलीस दलात सेवा केलेली असणे, अथवा किमान दोन वर्षे नेमबाजी क्लबचा सक्रिय सदस्य असणे, अशी कारणे नियमांत विचारात घेतली आहेत. अर्जासोबत वैद्यकीय प्रमाणपत्र लागते, शस्त्र सुरक्षित ठेवण्याची हमी लागते, आणि ज्यासाठी बहुतेकजण रेंजवर येतात ते शस्त्र व दारूगोळा सुरक्षा प्रशिक्षणाचे प्रमाणपत्रही लागते. या प्रशिक्षणात साठवण आणि वाहतूक, शस्त्र हाताळण्याची व नेण्याची पद्धत, नेमबाजीचे प्राथमिक ज्ञान, शस्त्राची निगा आणि कायद्यातील संबंधित तरतुदी यांचा समावेश असतो. कर्नाटकात पोलीस दलातर्फे ‘नागरिक बंदूकु तरबेति’ या नावाने शिबिरे भरवली जातात, आणि त्यांत व्यापारी, शेतकरी, महाविद्यालयीन मुले-मुली एकाच रांगेत पालथे झोपून नेम धरताना दिसतात.

अशा वर्गात गोळी झाडण्याचा भाग सर्वांत लहान आणि सर्वांत आकर्षक असतो. नवशिका त्याच भागासाठी मनाने तयार होऊन येतो, आणि बाकीच्या भागासाठी त्याची तयारी मुळीच झालेली नसते. वर्गाआधी काही महिने त्याने हवाई पिस्तुलावर घालवावेत, असा आग्रह प्रस्तुत लेखकाने धरला, त्याचे कारण हेच आहे. हवाई पिस्तूल म्हणजे दाबलेल्या हवेच्या जोराने 4.5 मिलिमीटर व्यासाचा शिशाचा छर्रा फेकणारे शस्त्र; .177 पर्यंतच्या बोअरच्या आणि 20 ज्यूलपर्यंत ऊर्जेच्या अशा शस्त्राला परवाना लागत नाही. स्पर्धेत दहा मीटरवरून त्याने ज्या वर्तुळाचा वेध घ्यायचा त्या दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास 11.5 मिलिमीटर असतो, आणि पंचाहत्तर मिनिटांत साठ छर्रे झाडायचे असतात. त्यात धक्का जवळजवळ नसतो आणि आवाज थोडा असतो, त्यामुळे चूक झाली तर ती हाताची की बोटाची हे स्पष्ट दिसते. मोठ्या शस्त्राच्या दणक्यात तीच चूक झाकली जाते.

प्रत्यक्षात सुरुवात त्याच्याही आधी, रिकाम्या पिस्तुलापासून होते. शस्त्र नेहमी भरलेले आहे असे समजून हाताळावे. जे नष्ट करायचे नाही त्याच्याकडे नळीचे तोंड कधीही करू नये. नेम लागेपर्यंत बोट चापावर, म्हणजे ट्रिगरवर, ठेवू नये. लक्ष्य आणि त्याच्या मागे काय आहे याची खात्री करावी, हे चार नियम विसाव्या शतकातील अमेरिकन प्रशिक्षक जेफ कूपर यांनी रूढ केले आणि जगभर ते जवळपास याच शब्दांत शिकवले जातात. ते पाठ करायला पाच मिनिटे पुरतात, पण अंगवळणी पडायला कित्येक आठवडे जातात, आणि या दोन गोष्टींमधले अंतर किती मोठे आहे हे शिकवणाऱ्यालाही प्रत्येक नव्या विद्यार्थ्याबरोबर पुन्हा जाणवते. सोन्याचांदीचे दुकान असलेले एक गृहस्थ चारही नियम कन्नड, मराठी आणि इंग्रजी अशा तिन्ही भाषांत न अडखळता सांगत असत. पण मागून कोणी हाक मारली की ते अख्खे अंग वळवून पाहत आणि हातातले पिस्तूल त्यांच्याबरोबर वळून शेजारच्या मार्गिकेवरून फिरत जाई. दुकानात गिऱ्हाइकाने हाक मारली की पूर्ण वळून त्याच्याकडे पाहायचे, ही त्यांची आयुष्यभराची सभ्यता होती आणि रेंजवर तीच धोक्याची ठरत होती. प्रशिक्षकाने त्यांना नेमबाजी शिकवणे थांबवले आणि पुढचे बरेच दिवस फक्त एवढाच सराव दिला की हाक आली तर आधी पिस्तूल टेबलावर, तोंड लक्ष्याकडे करून ठेवायचे, हात सोडायचा आणि मगच वळायचे. ते गृहस्थ सुरुवातीला नाराज झाले, परंतु चिकाटीने येत राहिले. एके दिवशी भ्रमणध्वनी वाजला तेव्हा त्यांचा हात विचार न करता टेबलाकडे गेला, आणि त्याच दिवशी त्यांना पहिला छर्रा भरायला मिळाला.

दुसरी सवय बोटाची आहे. पकड घेतली की तर्जनी चापावर जाणे हे इतके स्वाभाविक असते की ती नळीला समांतर, सरळ ठेवणे नवशिक्याला कृत्रिम वाटते. चित्रपटांतील नायक सदैव बोट चापावर ठेवूनच धावतात, याचाही त्यावर परिणाम असतो. दचकणे, ठेचकाळणे किंवा दुसऱ्या हाताने काही घट्ट धरणे यांपैकी काहीही झाले तरी पिस्तुलाच्या हाताची बोटेही नकळत आवळली जातात, हे समजावून सांगितल्यावर नियम पटतो. पण पटल्याने बोट जागेवर राहत नाही. त्यासाठी ड्राय फायरिंग, म्हणजे शस्त्र पूर्ण रिकामे असल्याची खात्री करून, काडतुसे खोलीबाहेर ठेवून, भिंतीकडे नेम धरून नुसता चाप दाबण्याचा सराव उपयोगी पडतो. शस्त्र उचलणे, बोट बाहेर, नेम, बोट आत, चाप सावकाश सरळ मागे, थांबणे, बोट बाहेर, शस्त्र खाली, असा हा क्रम कंटाळवाणा आहे, आणि नेमबाजीतील बहुतेक प्रगती याच कंटाळवाण्या क्रमात होते.

यानंतर डोळ्याचे काम येते. दोन डोळ्यांपैकी एक प्रमुख असतो आणि तो उजव्या हाताच्या माणसाचा उजवाच असेल असे नाही. नजर एका वेळी मागची खाच, पुढची माशी आणि लक्ष्य या तिन्हींवर स्पष्ट राहू शकत नाही, म्हणून ती माशीवर ठेवून लक्ष्य किंचित धूसर राहू द्यावे लागते. ज्याची भीती वाटते त्याच्यावरची नजर काढून आपल्याच हातातल्या छोट्या लोखंडी टोकावर ठेवणे हे शांत रेंजवरही कठीण जाते. प्रत्यक्ष काडतुसांचा सराव सुरू झाला की दचक हा नवा शत्रू भेटतो: आवाज होण्याच्या क्षणभर आधी मन त्याची वाट पाहून मनगट खाली ढकलते आणि गोळी लक्ष्याच्या खाली जाते. प्रशिक्षक खऱ्या काडतुसांत न सांगता एखादे निकामी काडतूस मिसळतो. ते आले की बार होत नाही, पण नळी झुकलेली सर्वांना दिसते. पिस्तुलाचा आवाज 140 डेसिबलच्या वर जातो आणि तो एकदाच पुरेसा जवळून ऐकला तरी कानाला कायमची इजा होऊ शकते, म्हणून कानांवर संरक्षक, डोळ्यांवर चष्मा, आणि सराव संपल्यावर शिशाचे कण जावेत यासाठी हात साबणाने धुतल्याशिवाय काही न खाणे, या गोष्टीही शिक्षणाचाच भाग आहेत.

रेंजवर येणाऱ्यांची कारणे शहराच्या घटनांबरोबर बदलतात. पत्रकार गौरी लंकेश यांची 5 सप्टेंबर 2017 च्या रात्री राजराजेश्वरीनगरमधील त्यांच्या घराच्या दारात गावठी पिस्तुलाने हत्या झाली, त्यानंतरच्या आठवड्यांत लेखन, वकिली आणि सामाजिक काम करणाऱ्या माणसांकडून चौकशा आल्या. त्याआधी पुण्यात नरेंद्र दाभोलकर, कोल्हापुरात गोविंद पानसरे आणि धारवाडात एम. एम. कलबुर्गी यांच्या हत्या झालेल्या असल्याने मराठी आणि कन्नड दोन्ही घरांतली ही भीती खरी होती, आणि तिच्याकडे दुर्लक्ष करणे अमानुषपणाचे झाले असते. परंतु आपल्याजवळ पिस्तूल असते तर काय झाले असते, या प्रश्नाचे उत्तर रेंजवर शोधता येते, आणि ते दिलासा देणारे नसते. सॉल्ट लेक सिटीचे पोलीस अधिकारी डेनिस ट्युएलर यांनी 1983 मध्ये दाखवून दिले की सुमारे 21 फुटांवरचा माणूस दीड सेकंदात अंगावर पोचतो आणि सराव असलेल्या पोलिसालाही म्यानातून शस्त्र काढून दोन गोळ्या झाडायला साधारण तेवढाच वेळ लागतो. ट्युएलर यांच्या निरीक्षणातला हल्लेखोर चाकू घेतलेला आहे, आणि पोलीस आधीच सावध आहे. हातात भरलेले पिस्तूल घेऊन अंधारात थांबलेल्या माणसासमोर, गाडीतून उतरून किल्ली शोधणाऱ्या माणसाला तेवढाही अवधी नसतो. एका वकील महिलेने रंगीत प्लॅस्टिकच्या नकली पिस्तुलावर हा सराव अनेकदा करून पाहिला, हातातली पर्स, किल्ल्या आणि फाइल यांसकट, आणि शेवटी पिस्तूल बाजूला ठेवून घराच्या फाटकाजवळचा दिवा, कॅमेरा, येण्याजाण्याच्या वेळा बदलणे आणि पोलीस संरक्षणाचा अर्ज या विषयांवर बोलायला सुरुवात केली. प्रस्तुत लेखकाच्या शिकवण्यातील हे मोठे वळण होते. त्यानंतर धोक्याचे कारण सांगणाऱ्या प्रत्येकाबरोबर पहिली बैठक शस्त्राशिवाय, त्याच्या दिनक्रमाचा आणि घराचा नकाशा समोर ठेवून होऊ लागली.

शस्त्राशी घरातूनच ओळख असलेले विद्यार्थी वेगळे असतात. कोडगू जिल्ह्यातील कोडव समाज आणि जम्मा, म्हणजे पिढीजात हक्काच्या, जमिनीचे धारक यांना ब्रिटिश काळापासून शस्त्र परवान्यातून ठरावीक अटींवर सूट आहे. केंद्र सरकारने 2019 मध्ये ती 2029 पर्यंत वाढवली आणि 2021 मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाने ती वैध ठरवली. भातलावणी संपल्यावर येणाऱ्या कैलपोद सणाला तेथे बंदुकीला फुले वाहतात. महाराष्ट्रात खंडेनवमीला आणि बंगळुरूत आयुधपूजेला शस्त्राची पूजा होते, पण शहरी घरांत त्या दिवशी पाटावर बहुधा स्क्रू ड्रायव्हर, लॅपटॉप आणि गाडीची किल्ली असते. सिंधुदुर्गात मात्र रानडुकरे आणि माकडांपासून पीक राखण्यासाठी शेतीसंरक्षण परवान्यावरील बंदूक आजही घराघरांत आढळते. दोडामार्गकडून बंगळुरूत नोकरीला आलेल्या एका तरुणाने लहानपणी आजोबांची ठासणीची बंदूक, म्हणजे नळीच्या तोंडातून दारू आणि छर्रे ठासून भरायची बंदूक, हाताळलेली पाहिली होती. बोटाची शिस्त त्याला शिकावी लागली, पण नळीचे तोंड कोणाकडे न करणे, उंबरठा ओलांडण्यापूर्वी शस्त्र रिकामे करणे आणि मुलांसमोर त्याविषयी फुशारकीने न बोलणे या गोष्टी तो घेऊनच आला होता. आजोबा कधी नियम सांगत नसत, असे तो म्हणे. बंदूक माळ्यावरून काढायची तेव्हा घरातील मुलांनी मागील दारी जायचे, एवढीच रीत होती. शहरातल्या नवशिक्याला ही रीत पुस्तकातून आणि प्रशिक्षकाकडून, तीही प्रौढ वयात मिळवावी लागते, आणि अशी रीत चार भिंतींच्या वर्गात दोन दिवसांत रुजेल, ही अपेक्षा प्रस्तुत लेखकाला अवाजवी वाटते.

खेळ म्हणून आलेल्यांना ही रीत सर्वांत सहज लागते, यात नवल नाही. नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया ही संघटना 1951 मध्ये स्थापन झाली आणि बडोद्यात मराठी कुटुंबात जन्मलेले लोकसभेचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर हे तिचे पहिले अध्यक्ष होते. त्यांच्या नावाची अखिल भारतीय स्पर्धा आजही नेमबाजांसाठी महत्त्वाचा टप्पा आहे. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी 2018 च्या आशियाई स्पर्धेत 25 मीटर पिस्तुलात सुवर्ण जिंकले, बंगळुरूचे प्रकाश नंजप्पा यांनी 2014 च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा मीटर हवाई पिस्तुलात रौप्य मिळवले, आणि कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्निल कुसाळे यांनी पॅरिस 2024 मध्ये रायफलचे कांस्य आणले, त्यामुळे रेंजवर मुले मोठ्या संख्येने येतात. धोक्याच्या भीतीने आलेला प्रौढ आणि पदकाच्या ओढीने आलेला शाळकरी मुलगा शेजारशेजारच्या मार्गिकांत उभे असतात तेव्हा प्रौढाची घाई बरीच कमी होते, असे अनेकदा दिसले आहे.

घराचा विषय निघाला की वर्गातील वातावरण बदलते. शस्त्र कोठे ठेवणार, किल्ली कोणाकडे, काडतुसे वेगळ्या कुलपात की त्याच कपाटात, घरकामाला येणाऱ्या बाईंना त्याची माहिती असेल का, मुलांचे मित्र खेळायला येतात तेव्हा काय, हे प्रश्न विचारल्यावर पुष्कळांकडे उत्तर नसते. रात्री चटकन हाती यावे म्हणून शस्त्र उशाशी हवे आणि मुलाच्या हाती पडू नये म्हणून ते कुलपात हवे, या दोन गरजा एकमेकींविरुद्ध आहेत, आणि त्यांच्यातला तोल प्रत्येक घराला स्वतःच ठरवावा लागतो. बंगळुरूच्या बहुमजली इमारतींत तर आणखी एक अडचण असते: हुकलेली गोळी आपल्या भिंतीपाशी थांबेल असे नाही, आणि त्या पलीकडे शेजाऱ्यांचे दिवाणखाने असतात. मनाच्या प्रकृतीविषयी बोलणे त्याहून अवघड जाते. अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून अधिक आत्महत्या असतात. एखाद्या वाईट रात्री माणसाच्या मनात येणारा विचार बहुधा सरून जातो, पण हाताशी भरलेले शस्त्र असेल तर तो सरण्याची वाट पाहिली जात नाही. वैद्यकीय प्रमाणपत्राची अट याचसाठी आहे, आणि ते प्रमाणपत्र एक सही म्हणून घेऊ नये, डॉक्टरांशी खरोखर बोलून घ्यावे, असे प्रस्तुत लेखक प्रत्येकाला कळकळीने सांगत आला आहे. एका गृहस्थांनी हे ऐकून पत्नीला पुढच्या बैठकीला आणले. घरातल्या एका तरुण मुलाच्या नैराश्याची गोष्ट तिने शांतपणे सांगितली, आणि अर्जाचा विषय त्याच संध्याकाळी संपला. त्या कुटुंबाशी स्नेह आजही आहे.

जबाबदारी शस्त्रापुरतीच नसते. सरावानंतर एखादे काडतूस पिशवीच्या कप्प्यात राहून जाते आणि काही महिन्यांनी विमानतळावरील तपासणीत सापडते, तेव्हा माणूस थेट गुन्ह्याच्या चौकशीत अडकतो. ताबा हा जाणीवपूर्वक असावा लागतो असे सर्वोच्च न्यायालयाने 1972 च्या गुणवंतलाल प्रकरणापासून सांगितले आहे, पण ती जाणीव नव्हती हे सिद्ध होईपर्यंत वकील, तारखा आणि मनस्ताप चुकत नाहीत. म्हणून पिस्तुलाच्या सरावाची पिशवी दुसऱ्या कशालाही वापरायची नाही, हा नियम वर्गात कठोरपणे पाळला जातो. निवडणुकीच्या काळात परवानाधारकांना शस्त्र ठाण्यात जमा करण्याचे आदेश निघतात. सरसकट सर्वांकडून नव्हे तर प्रत्येक प्रकरण तपासून ते जमा करून घ्यावे, ही भूमिका मुंबई उच्च न्यायालयासमोरच्या 2009 च्या प्रकरणातून पुढे आली. ऐन भातकापणीच्या किंवा पीक राखणीच्या दिवसांत बंदूक ठाण्यात अडकते ही सिंधुदुर्ग आणि कोडगू दोन्हीकडच्या शेतकऱ्यांची तक्रार प्रस्तुत लेखकाला रास्त वाटते.

गोळी झाडणे कधी न्याय्य ठरते, हा वर्गातील सर्वांत लांबणारा तास असतो. खाजगी बचावाचा हक्क, म्हणजे स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या शरीराचे व मालमत्तेचे रक्षण करण्याचा हक्क, पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम 96 ते 106 मध्ये होता आणि 1 जुलै 2024 पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम 34 ते 44 मध्ये आहे. सरकारी यंत्रणेची मदत घेण्यास अवसर असेल तर हा हक्क उरत नाही, आणि बचावासाठी आवश्यक त्याहून अधिक इजा करण्यास तो परवानगी देत नाही. समोरच्याचा मृत्यू घडवण्यापर्यंत हा हक्क पोचतो तो मृत्यूची, जबर दुखापतीची, बलात्काराची, अपहरणाची किंवा तशाच गंभीर हल्ल्याची रास्त भीती असेल तेव्हा; मालमत्तेसाठी तो जबरी चोरी, रात्रीची घरफोडी, आगजाळी अशा मोजक्या प्रसंगांत तेथवर जातो, आणि साध्या चोरीत जिवाची रास्त भीती नसेल तर मुळीच जात नाही. दुकानदार या ठिकाणी हमखास विचारतात की पैशाची पेटी घेऊन पळणाऱ्याच्या पाठीवर गोळी झाडली तर चालेल का. चालणार नाही, हे उत्तर ऐकल्यावर त्यांच्यापैकी काहींना शस्त्राचा उपयोगच कळेनासा होतो, आणि तिजोरी, विमा व पहारेकरी या साध्या उपायांकडे ते पुन्हा वळतात. एका निवृत्त सुभेदारांना, ज्यांना बँकेत पहारेकरी म्हणून स्वतःच्या परवान्याची बारा बोअरची बंदूक घेऊन काम करायचे होते, हा तास सर्वांत सोपा गेला. आदेशाशिवाय गोळी न झाडण्याची शिस्त त्यांच्या हाडात होती, आणि गर्दीच्या दिवशी बँकेच्या दारात बंदूक कशी धरावी याविषयी त्यांनी वर्गाला जे दाखवले ते प्रशिक्षकालाही नवे होते.

प्रमाणपत्राची खरी कसोटी कोठेच घेतली जात नाही, ही या व्यवस्थेतील उणीव प्रस्तुत लेखकाला सर्वांत गंभीर वाटते. वर्गाला हजेरी लागते, कागदावर सही होते, आणि शिकाऊचे बोट खरोखर बाहेर राहते की नाही हे पाहणारा कोणी पुढच्या टप्प्यावर असेलच असे नाही. परवाना हाती आल्यानंतर रेंजवर नियमित परतणारे तर फारच थोडे असतात. त्यामुळे या रेंजवर प्रमाणपत्रासाठी येणाऱ्याला आता आधीच सांगितले जाते की हवाई पिस्तुलावरचे महिने, घराविषयीची बैठक आणि हाक मारून घेतली जाणारी ती परीक्षा झाल्यावरच त्याचे नाव प्रशिक्षण वर्गाच्या यादीत जाईल. हे ऐकून काहीजण दुसरीकडे जातात. जे थांबतात त्यांच्यातले बरेच पहिल्या हंगामानंतर परवान्याविषयी विचारणे सोडून देतात आणि पुढच्या राज्य स्पर्धेची तारीख विचारू लागतात; उरलेले थोडे अर्ज करतात, आणि त्यांना रिकामे शस्त्र घेऊन महिन्यातून एकदा सकाळी सरावाला बोलावले जाते, त्यासाठी दोन मार्गिका मोकळ्या ठेवलेल्या असतात.